सर्वपित्रीचं पाणी

हर्षिता : हातांवर जोर देऊ नका, आबा. किती वेळा सांगायचं? छातीचं हाड तारेनं बांधलंय, अजून सांधलेलं नाही. उशी छातीशी धरा, पाय मागे घ्या आणि पायांवर उठा.

सदाशिवराव : मग खुर्चीला हात कशाला दिलेत?

हर्षिता : धडधाकट माणसांसाठी. चला, पुढे सरका. मी पाठीला हात लावलाय.

सदाशिवराव : नको लावू. माझा मी उठतो.

हर्षिता : काल न्हाणीघरात असंच म्हणालात आणि चक्कर आली.

सदाशिवराव : काल ती रक्तदाबाची गोळी जास्त झाली होती.

हर्षिता : गोळी रोजचीच होती. तुमची घाई जास्त होती. हं, असे. उभे राहा जरा, श्वास घ्या. आज पायाची सूज उतरलीय. शीर काढली तिथले टाकेपण कोरडे दिसतायत.

सदाशिवराव : म्हणजे सगळं ठीक आहे ना? मग ऐक. तू जरा बाहेर जाऊन ये.

हर्षिता : कुठे?

सदाशिवराव : कुठेही जा. बाड्यावर बाजारात जा, एखादी चंदेरी साडी बघ. आल्यापासून घरातच आहेस.

हर्षिता : पितृपक्षात साडी? तुम्ही तर या दिवसांत आईला सुईदोरासुद्धा घेऊ देत नव्हता.

सदाशिवराव : मग घेऊ नको, नुसती बघ. दोन तास जा म्हणजे झालं.

हर्षिता : गुरुजी यायचेत म्हणून ना?

सदाशिवराव : त्यांचा काय संबंध?

हर्षिता : मग ते येऊन गेले की जाईन. सर्वपित्री आहे, तर्पण आहे. तुम्ही जमिनीवर बसणार नाही, वाकणार नाही, तांब्या उचलणार नाही. हातावर पाणी कोण घालणार?

सदाशिवराव : समरजीत येईल.

हर्षिता : नाही येत. सकाळीच फोन केला मी त्याला. पुतण्या झाला तरी त्याच्या घरचं पान आहेच की आज. तो स्वतः बसलाय श्राद्धाला.

सदाशिवराव : मग गुरुजी करतील सगळं.

हर्षिता : ते मंत्र म्हणतील की पळी धरतील? मी असताना त्यांना कशाला परेशान करायचं? स्वयंपाक झालाय माझा. खीर आहे, गवारीची भाजी आहे, आमसुलाची चटणी आहे. तुमचं बिनमिठाचं वेगळं काढलंय.

सदाशिवराव : तुला सरळ सांगितलेलं कळत नाही का? तू त्यांच्यासमोर नकोस.

हर्षिता : आलं लक्षात. लाज वाटते.

सदाशिवराव : तसं नाही. फोनवर त्यांनी विचारलं, घरी बघायला कोण आहे. मी म्हटलं, दिल्लीच्या एजन्सीची एक बाई ठेवलीय. तोंडातून गेलं.

हर्षिता : बाई.

सदाशिवराव : आता ते फिरवायचं कसं?

हर्षिता : आणि बाईचं नाव काय सांगितलंत?

सदाशिवराव : नाव कोण विचारतं?

हर्षिता : खरंय. तुम्हीही घेत नाही. घरी आणल्यापासून बघतेय मी. 'अगं', 'ऐक', 'ए'. एकदा म्हणून माझं नाव घेतलं नाहीत.

सदाशिवराव : नावाचं काय एवढं? तुला कळतं ना तुलाच हाक मारलीय? घरात दुसरं आहे कोण?

हर्षिता : दिल्लीला घेतलं होतंत. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना. तिथल्या सिस्टरनं मला बाहेर येऊन सांगितलं, तुम्हारे पापा हर्षू-हर्षू कर रहे हैं. तेवढ्यावर राहिले मी, आबा. संग्रामसिंहला म्हटलं, तू परत जा सिडनीला, तुझी नोकरी जाईल, आबांना घरी मी नेते. शाळेतली रजा वाढवून घेतली. आठवडाभर तरी राहशील का असं संग्राम विचारत होता. अंशुलच म्हणाला, आठवडा कसला, ते चालायला लागेपर्यंत राहा.

सदाशिवराव : त्या माणसाचं नाव या घरात नको.

हर्षिता : ठीक आहे. त्याचंही नको, माझंही नको. हजीऱ्याच्या गिरणीतल्या फिटरचा मुलगा तुमच्या घोडदळातल्या पणजोबांना चालला नसता, ते माहीत आहे मला. पण तुमचं लघवीचं भांडं दिल्लीच्या वॉर्डात धुतलं ते त्याच्या बायकोनंच.

सदाशिवराव : ऐकवून घे. आजारी माणूस जातो कुठे?

हर्षिता : ऐकवत नाही. बसा आता खुर्चीत. हळू. आज आईची फार आठवण येतेय, म्हणून तोंड चाललंय माझं. ती दर सर्वपित्रीला मला फोन करायची. तुम्हाला ठाऊक होतं?

सदाशिवराव : नाही.

हर्षिता : तुमच्या चोरून बाकी वर्षभरही करायची, पण या दिवशी चुकायची नाही. दुपारी, साधारण याच सुमाराला. गच्चीवरून बोलायची, वारा ऐकू यायचा. विशेष काही नसायचंच. जेवलीस का, तब्येत बरी आहे ना, ताप-बीप नाही ना. मी शाळेत असायचे. म्हणायचे, आई, नंतर करते. तर म्हणायची, ठेवू नको, बोलत राहा. मग मी एकीकडे मुलांच्या वह्या तपासत हो-हो करायचे. का असं करायची कुणास ठाऊक. आणि ती गेली तेव्हा मला कळवलंत ते सगळं उरकल्यावर.

सदाशिवराव : मी तुला जा म्हणतोय ना. समजत का नाही तुला? अजून वेळ आहे. जा.

हर्षिता : एवढे कासावीस कशाला होता? नाडी बघा कशी पळतेय. बाई तर बाई. अंबाडा घालते, पदर खोचते. गुरुजी नवे आहेत, मोठे गुरुजी असते तर ओळखलं असतं. हे कुठे मला ओळखतात?

(दारावरची घंटा वाजते. हर्षिता दार उघडते. तरुण अभिराम गुरुजी चपला काढून आत येतात.)

अभिराम : नमस्कार, काका. उठू नका, बिलकुल उठू नका. वेळेआधी आलो, माफ करा. इंदरगंजच्या चौकात असा जाम होता की तिकडचं घर सोडून आधी इकडेच वळलो. तबियत कशी आहे?

सदाशिवराव : चाललंय. गुरुजी, आज थोडक्यात आटपा.

अभिराम : हो हो. आजाऱ्याला सगळी सवलत आहे. खुर्चीवर बसूनच चालेल, पायाशी परात ठेवू. ताई, तुम्ही एजन्सीच्या ना?

हर्षिता : हो.

अभिराम : मराठी समजतं?

हर्षिता : इंदूरची आहे.

अभिराम : मग काम सोपं झालं. मुझे लगा, सब हिंदी में समझाना पड़ेगा. आंघोळ झालीय ना तुमची? मग एवढं करा. तांब्यात पाणी घेऊन त्यात काळे तीळ टाका. मी सांगेन तेव्हा पळीनं काकांच्या तळहातावर घाला. काका अंगठ्याच्या बाजूनं खाली सोडतील.

सदाशिवराव : पळी मी धरतो डाव्या हातात.

हर्षिता : हातांना ताण नको, साहेब.

अभिराम : घरचं कुणी असतं तर उत्तमच. पण हरकत नाही. सेवा करते ती घरचीच. काका, उपरणं उजव्या खांद्यावर घ्या.

हर्षिता : थांबा, हात वर नेऊ नका. मी घेते.

सदाशिवराव : गुरुजी, यंदा फक्त आई-वडील आणि उषाचं. बाकीची राहू द्या.

अभिराम : काका, वडील, आजोबा, पणजोबा एवढे तरी घ्यायलाच हवेत. तुम्ही नुसतं मागे म्हणा, नावं मला सगळी पाठ आहेत. करूया सुरू? ताई, पाणी. हं. आणखी. तिकडे नाही, अंगठ्याकडे. छान जमतंय तुम्हाला.

सदाशिवराव : दम लागतोय.

अभिराम : सावकाश म्हणा. पितर झाले, मातोश्री झाल्या. आता काकू. पत्नी उषा. ताई, पाणी. ताई?

हर्षिता : हो. घालते.

अभिराम : डोळ्यांत काही गेलं का तुमच्या?

हर्षिता : काही नाही. म्हणा तुम्ही.

अभिराम : झालं. काकूंचा हात फार सढळ होता हो. आणि आता शेवटची, कन्या.

सदाशिवराव : पुरे, गुरुजी. मला बसवत नाही.

अभिराम : एकच राहिलंय, काका. वडिलांनी ही घरं माझ्याकडे सोपवली तेव्हा बजावलं होतं, एक वेळ दुसरं काही विसर, पण सदाशिवरावांकडे मुलीचं नाव विसरू नको. बिचारी अकाली गेली. तिच्यामागे पाणी द्यायला बापाशिवाय कुणी नाही.

हर्षिता : कोण मुलगी?

अभिराम : काकांची. तुम्हाला कुठून माहीत असणार? हर्षिता नाव तिचं. तुमच्या इंदूरलाच गेली. ताप आला म्हणे.

सदाशिवराव : गुरुजी.

अभिराम : माफ करा, काका. मी असं उघड बोलायला नको होतं.

हर्षिता : कधी गेली?

अभिराम : बरीच वर्षं झाली. मी तेव्हा उज्जैनला शिकत होतो.

हर्षिता : म्हणजे तेव्हापासून दर वर्षी तिला पाणी देतात?

अभिराम : एकही वर्ष खंड नाही. आणि देताना रडतात हो. वडील सांगायचे, आई-बापाच्या नावाला लोक घड्याळ बघतात, पण हा माणूस मुलीच्या नावाला रडतो.

हर्षिता : साहेब, मग काय करू? पाणी घालू?

सदाशिवराव : तू आत जा.

हर्षिता : मी आत गेले तर पळी कोण धरेल? तुम्ही सांगा. नको म्हणालात तर नाही घालत. गुरुजींना सांगा, या नावाला पाणी नको. का नको, तेही सांगा.

अभिराम : ताई, असं बोलू नका त्यांच्याशी. छातीचं ऑपरेशन झालेला माणूस आहे. बोलवत नाही त्यांना. काका, मी म्हणतो, तुम्ही फक्त मागून म्हणा. मुलगी वाट बघत असेल.

हर्षिता : हो. वाट बघतेय.

अभिराम : अस्मत्कन्याम्.

सदाशिवराव : अस्मत्कन्याम्.

अभिराम : हर्षिताम्.

हर्षिता : खोकला येतोय का, साहेब? उशी देऊ?

सदाशिवराव : नको.

अभिराम : हर्षिताम्, काका.

हर्षिता : घाई करू नका त्यांना, गुरुजी. विचार करू द्या. अजून म्हटलेलं नाही त्यांनी.

सदाशिवराव : हर्षिताम्.

अभिराम : तर्पयामि. ताई, पाणी.

हर्षिता : किती वेळा?

अभिराम : मुलीला एकदाच असतं.

हर्षिता : घ्या, साहेब. बोटं मिटू नका. बाहेर सांडतंय.

अभिराम : झालं. तृप्त झाली ती. आता मी निघतो, काका, पान वाढून मीच गच्चीवर ठेवून देतो जाता जाता. माधौगंजला एक घर आहे, मग हजीऱ्याला. ताई, तुमचं नाव काय? आशीर्वादात घेतो तुमचंही.

हर्षिता : राहू द्या, गुरुजी. एका दिवसात किती नावं घ्याल?

अभिराम : बरं, येतो. काकांना जपा. तुमच्यासारखं माणूस मिळायला भाग्य लागतं.

हर्षिता : दार ओढून घ्या जाताना.

सदाशिवराव : मला झोपव.

हर्षिता : झोपवते. त्यांची स्कूटर जाऊ द्या आधी. हं, गेली. आता उपरणं काढू द्या. हात खाली ठेवा. कधीपासून, आबा?

सदाशिवराव : तू गेलीस त्याच वर्षापासून.

हर्षिता : गेले नव्हते. लग्न केलं होतं मी.

सदाशिवराव : जगदेवराव आले होते. सगळी भावकी याच खोलीत बसली होती, तू कुणाबरोबर पळालीस ते ऐकायला. मी म्हटलं, आमच्या लेखी ती मेली. रागात बाप म्हणतोच असं. त्यावर जगदेवराव हसले. म्हणाले, मेली तर सर्वपित्रीला पाणी सोडून दाखव, का नुसतं तोंडानंच मारलीस? सगळे माझ्याकडे बघत होते.

हर्षिता : आणि तुम्ही सोडलंत.

सदाशिवराव : त्यांच्यासमोर सोडलं. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

हर्षिता : आणि ताप?

सदाशिवराव : मोठ्या गुरुजींना जिवंत माणसाचं तर्पण चाललं नसतं. त्यांना काहीतरी कारण सांगायला हवं होतं.

हर्षिता : बरं, त्या वर्षी जगदेवराव होते. पुढच्या वर्षी तर कुणी बघायला नव्हतं. तेव्हा थांबायचं होतं.

सदाशिवराव : एकदा घातलेलं नाव काढायचं कसं? मोठे गुरुजी आठवणीनं घ्यायचे. काय सांगू त्यांना, पोरगी जिवंत झाली म्हणून?

हर्षिता : हो. असंच सांगायचं. लोक मिठाई वाटतात अशा बातमीवर.

सदाशिवराव : बोलणं सोपं आहे.

हर्षिता : आईला माहीत होतं.

सदाशिवराव : ती त्या दिवशी खाली थांबायचीच नाही. नावं सुरू झाली की उठायची. कावळ्याचं पान ठेवून येते म्हणायची आणि तर्पण संपेपर्यंत गच्चीवर.

हर्षिता : 'ठेवू नको, बोलत राहा.' खाली तुम्ही मला पाणी देत होतात आणि वर ती माझा आवाज ऐकत होती. मला ताप नाही ना, ते विचारत होती. आणि मी वह्या तपासत हो-हो करत होते. एकदा तर मी चिडून फोन ठेवला होता, आबा. एकदा खरंच ठेवला होता. काय झालं असेल तिचं त्या गच्चीवर?

सदाशिवराव : रडू नको.

हर्षिता : तुमच्यासाठी रडत नाही. मला तिची इतकी दया येतेय, आणि तुमची जराही येत नाहीय.

सदाशिवराव : मीही रडायचो. ऐकलंस ना गुरुजींकडून?

हर्षिता : ऐकलं. एवढं रडू येत होतं तर एक फोन करायचा होता.

सदाशिवराव : पाणी देता यायचं. फोन करता यायचा नाही.

हर्षिता : आणि दिल्लीला? हर्षू म्हणालात, ते कशाला?

सदाशिवराव : डोळे उघडले तर काचेपलीकडे तू उभी. तुला इतकी वर्षं बघितलं नव्हतं. मला वाटलं, गेलो आपण. तू भेटलीस म्हणजे गेलोच.

हर्षिता : घाबरलात?

सदाशिवराव : नाही. बरं वाटलं.

हर्षिता : आणि जिवंत आहोत हे कळल्यावर नाव बंद केलंत.

सदाशिवराव : तुला उलटं लावायचंच असेल तर लाव.

हर्षिता : सरळच लावतेय. आज मी पळी घेऊन तुमच्यासमोर उभी होते, आबा. हात-पाय असलेली. तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, गुरुजी, थांबा, ही माझी मुलगी. मी थांबले होते त्यासाठी. उशी देऊ का विचारलं, तेही त्यासाठीच, की तेवढ्यात तुम्हाला सुचेल. तो पोरगा कोण तुमचा? त्यानं काय केलं असतं?

सदाशिवराव : घरोघरी फिरणारा माणूस आहे तो. संध्याकाळपर्यंत सगळ्या लष्कर भागात झालं असतं, सदाशिवरावानं जित्या पोरीला पाणी दिलं म्हणून.

हर्षिता : म्हणून ते जित्या पोरीकडूनच घालून घेतलंत.

सदाशिवराव : मी तुला जा म्हणालो होतो. किती वेळा म्हणालो. तू ऐकलं असतंस तर हे काही झालंच नसतं.

हर्षिता : झालंच असतं. फक्त मला कळलं नसतं. खोकू नका तसे. थांबा. ही घ्या उशी. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबा. आता खोका. आणखी एकदा. फाटत नाही काही, तार मजबूत आहे.

सदाशिवराव : पाणी.

हर्षिता : हे घ्या. हे प्यायचं आहे.

सदाशिवराव : संग्रामला सांगणार का?

हर्षिता : नाही. त्याला झोप लागू दे तिकडे. पाय वर घ्या. उताणेच झोपा, कुशीवर नाही. ऐका आता. मी आत जाऊन एजन्सीला फोन करतेय. उद्या सकाळी बाई येईल. खरी बाई.

सदाशिवराव : कशाला? चाललंय की आपलं.

हर्षिता : गुरुजींना तुम्ही सांगितलंय ना? ते खोटं पडायला नको. गोळ्या सकाळच्या, रात्रीच्या वेगळ्या ठेवल्यात. पायातला तो घट्ट मोजा रात्री काढायचा, तिला दाखवून जाईन.

सदाशिवराव : आणि तू?

हर्षिता : उद्याच्या गाडीनं इंदूर. आज रात्री आहे. उठायचं झालं तर हाक मारा.

सदाशिवराव : अगं, ऐक ना.

हर्षिता : त्या बाईला तरी नाव विचारून घ्या, आबा.